पळायला जाताना गाण्यासाठी काय घ्यावं?

दुपारची भांडी आवरून तुम्ही जरा टेकला असाल. कुणी बांधावर सावलीला बसला असाल, कुणी मशीनवर शिवण घालता घालता ऐकत असाल. आज मी नोंदवही, परतफेड, ठराव यांतलं काही बोलणार नाही. आजचा विषय वेगळा आहे. पळायला किंवा भराभर चालायला जाताना गाणी ऐकायची असतील, तर त्यासाठी कोणती वस्तू घ्यावी?

विषय हलका वाटेल, पण मी तो मुद्दाम घेतला आहे. मी बचत गटांची सहयोगिनी आहे. महिन्याच्या बैठकीला बसलं की कर्जाच्या मागण्या बहुतेक ठरलेल्या असतात: शेळी, शिलाई मशीन, बियाणं, दवाखाना, मुलांची फी. हल्ली त्यात एक नवी मागणी ऐकू येते. "पोरगी भरतीची तयारी करतीय. पहाटे पळायला जाती. तिला कानात घालून गाणी ऐकायचं काहीतरी पाहिजे." मग दोन बाया म्हणतात, "ही कसली गरज, ही तर चैन." दुसऱ्या दोघी म्हणतात, "पोरगी उठून पळतीय हेच खूप, घेऊन द्या तिला." पण घ्यायचं तर नेमकं काय घ्यायचं, हे कुणालाच ठाऊक नसतं. दुकानदार देईल ते घरी येतं.

या छोट्याशा वस्तूत तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत. पोरीचा कान, पोरीचा रस्ता आणि घरातला पैसा. म्हणून जरा सावकाश बोलू.

आधी एक पाहू, गाण्याची गरज असते का? तर कामाला गाणं जोडणं ही आपली जुनीच रीत आहे. जात्यावर ओव्या होत्या, मोटेवर गाणी होती, भाताच्या लावणीला गाणी असतात. आषाढीची वारी बघा. आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर माणसं पायी चालतात, त्यात साठी-सत्तरीच्या आज्या असतात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल पडत राहतं. ठेका पायाला धरून ठेवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. अशा अभ्यासांतून निघालेली गोष्ट सोपी आहे. बेताच्या वेगाने चालताना किंवा पळताना ठेक्याचं गाणं असेल, तर तेवढेच श्रम कमी जाणवतात आणि माणूस जास्त वेळ टिकतं. पण जीव तोडून पळताना तसं होत नाही. तेव्हा दम इतका लागलेला असतो की गाण्याकडे लक्षच राहत नाही.

भरतीच्या मुलींनो, हे नीट लक्षात घ्या. पोलीस शिपाई भरतीत महिलांना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. ८०० मीटर हे तीन-साडेतीन मिनिटांचं काम. एक गाणंही तेवढ्यात पुरतं संपत नाही. शिवाय मैदानावर कानात काही घालून पळता येत नाही. म्हणजे गाणं हे रोजच्या लांब, सावकाश पळण्याला सोबत म्हणून आहे. वेगाचा सराव करायचा त्या दिवशी यंत्र घरी ठेवा. आपला श्वास, आपली पावलं आणि शेजारून पळणारीची चाहूल यांची सवय कानाला हवी. आठवड्यातले दोन दिवस तरी गाण्याशिवाय पळा, नाहीतर परीक्षेच्या दिवशी पाय शांततेला बिचकतील.

आता वस्तूकडे वळू. चालता-फिरता गाणी ऐकायचं यंत्र पहिल्यांदा गाजलं ते १९७९ साली. जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला. त्यात कॅसेट घालायची आणि तो कमरेला लावायचा. २००१ साली ॲपल कंपनीचा आयपॉड आला आणि शेकडो गाणी खिशात मावू लागली. पुढे तसली स्वस्त, काडेपेटीएवढी यंत्रंही बाजारात आली. त्यांना आपल्याकडे सगळे एमपीथ्री म्हणतात. मग गाणी फोनमध्ये आली आणि ही वेगळी यंत्रं मागे पडली. आयपॉड तर २०२२ साली बंदच झाला. तरीही पळणाऱ्या माणसाला ते छोटं यंत्र आजही उपयोगी पडतं. कारण पळताना मोठा फोन ओझं होतो.

आज तालुक्याच्या बाजारात गेलात तर साधारण चार पर्याय दिसतील. एक, कपड्याला चिमट्याने लावायचं छोटं एमपीथ्री. दोन, बटणाचा साधा फोन, त्यात मेमरी कार्ड आणि वायरचा इयरफोन. तीन, घरातला मोठा टचचा फोन आणि गळ्यात अडकवायचा नेकबँड. चार, मोठा फोन आणि कानात बसणारे सुटे बड्स, म्हणजे बिनवायरचे दोन मणी. यातलं कोणतं घ्यायचं हे जाहिरातीतली नटी सांगणार नाही. आपण कुठे पळतो, काय घालून पळतो आणि बरोबर कोण असतं, यावरून ते ठरवायचं.

सुरुवात कपड्यांपासून करते. आपल्या पंजाबी ड्रेसला खिसा नसतो. साडीला तर नसतोच. ट्रॅकपँटला असला तरी उथळ असतो, पळताना फोन मांडीवर आपटतो किंवा बाहेर उडतो. मग बाया फोन हातात धरून पळतात. हातात पाव किलोच्या आसपास वजन असलं की एक हात अखडतो, खांदा वर चढतो आणि पळण्याची चाल बिघडते. काही जणी फोन ब्लाऊजमध्ये खोचतात. तिथे घाम लागतो, फोन गरम होतो. ते करू नका.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. ज्या गटात शिवणकाम चालतं त्यांनी चार बोटं रुंदीचा इलॅस्टिकचा पट्टा घ्यावा, त्याला आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली छोटी पिशवी शिवावी आणि तोंडाला चेन लावावी. पट्टा कमरेला घट्ट बसतो, फोन हलत नाही, घामही आत जात नाही. गावात पहाटे पळणाऱ्या दहा मुली असतील तर दहा पट्टे खपतात. शेजारच्या गावातही मुली पळतातच.

दुसरी गोष्ट बटणांची. पळताना काचेच्या पडद्यावर बोट टेकवून गाणं बदलणं जमत नाही. घामाच्या बोटाला तो दाद देत नाही आणि बघायला मान खाली घालावी लागते. रस्त्यावर मान खाली गेली की खड्डा आलाच. म्हणून वर आलेली, बोटाला चाचपून कळणारी बटणं हवीत. दुकानातच एक परीक्षा करा. यंत्र हातात घ्या, डोळे मिटा आणि आवाज कमी करून दाखवा. गाणं थांबवून दाखवा. जमलं तर ते यंत्र पळण्याच्या कामाचं.

तिसरी गोष्ट घाम आणि पाऊस. नेकबँड किंवा बड्सच्या खोक्यावर "आयपीएक्स" असं लिहून पुढे एक आकडा असतो. आयपीएक्स ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सहन होतं. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याची बारीक धार सहन होते. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जात नाही. आपल्या घामाला आणि भुरभुर पावसाला ४ पुरेसा आहे. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पण आकडाच नसेल तर ती वस्तू पळण्यासाठी घेऊ नका. बटणाच्या फोनवर असा आकडा सहसा नसतो. म्हणून त्याला पिशवीचं अस्तर हवंच.

चौथी गोष्ट गाणी किती मावतात. दुकानदार मोठमोठे आकडे सांगतो. आपण हिशोब करू. चार मिनिटांचं एक गाणं साधारण चार एमबीचं असतं. एक जीबीत अशी अडीचशे गाणी बसतात, चार जीबीत हजार. रोज अर्धा तास पळणारी मुलगी सात-आठ गाणी ऐकते. तिला चार जीबी खूप झालं. ६४ जीबीचं कार्ड गळ्यात मारत असतील तर नको म्हणा. साधा फोन किती जीबीपर्यंतचं कार्ड वाचतो, तेही आधी विचारा.

पाचवी गोष्ट चार्जिंगची. पहाटे पाचला निघायचं, रात्री लाईट गेलेली. मोठा फोन रोज चार्ज करावा लागतो, त्याचा नेकबँड वेगळा, बड्सची डबी वेगळी. वायरच्या इयरफोनला चार्जिंग लागतच नाही. बटणाचा फोन एकदा भरला की काही दिवस चालतो. लोडशेडिंगच्या गावात ही मोठी सोय आहे.

आणि आपला रेडिओ? तुम्ही आत्ता मला एफएमवर ऐकताय. बटणाच्या बऱ्याच फोनांत एफएम असतं, टचच्या अनेक फोनांत नसतं. फोनमधल्या एफएमला इयरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. म्हणून नेकबँड लावून एफएम लागत नाही अशी तक्रार केंद्राकडे येते, तेव्हा त्यांना एकदा वायर लावून बघायला सांगावं लागतं. सकाळचा कार्यक्रम चालता चालता ऐकायचा असेल तर घेताना एफएम आहे का ते विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, रस्ता.

शहरात बागेत नाहीतर पट्ट्यावर पळतात. आपल्या मुली डांबरीवर पळतात. पहाटे दूधवाल्यांच्या गाड्या सुटलेल्या असतात. कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रभर वाहत असतात, त्यातल्या कितीतरींना मागे दिवा नसतो. मोकाट कुत्री असतात. आणि बोलायला नको वाटतं, पण गाडी हळू करून मागे मागे येणारी माणसंही असतात. या सगळ्यांची पहिली खबर आपल्याला कान देतो. अंधारात डोळ्याच्या आधी कानाला कळतं. तोच कान बंद करून आपण रस्त्यावर उतरलो तर कसं होईल?

म्हणून रस्त्यावर पळणारीने दोन्ही कान कधीच बंद करू नयेत. एका कानात इयरफोन, दुसरा कान मोकळा. त्यातही कोणता मोकळा ठेवायचा ते ऐका. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर आपण उजव्या कडेने जावं, म्हणजे आपल्या बाजूची वाहनं समोरून येताना दिसतात. तेव्हा रस्ता आपल्या डाव्या हाताला असतो. म्हणून डावा कान मोकळा ठेवा आणि उजव्या कानात गाणं. आवाज इतकाच, की मागून सायकलची घंटी वाजली तर कळली पाहिजे.

हल्ली काही नेकबँड आणि बड्सवर एएनसी असं लिहिलेलं असतं. बाहेरचा आवाज कापून टाकण्याची ती सोय असते. एसटीत बसून ऐकायला ती चांगली, रस्त्यावर पळायला घातक. त्यासाठी दुकानदार जास्त पैसे सांगेल, ते देऊ नका. असे हेडफोनही निघाले आहेत की जे कानात जात नाहीत. ते कानापुढच्या हाडावर टेकतात आणि कान उघडा राहतो. रस्त्यासाठी ते चांगले, पण अजून महाग आहेत. त्यासाठी कर्ज काढावं असं मी म्हणणार नाही.

आणि कुणाच्या घरून "मग जाऊच नको पळायला" असं उत्तर आलं, तर ते मानू नका. रस्त्याची भीती म्हणून पोरगी घरात बसवणं सोपं आहे. दोघी-तिघींनी मिळून जावं, शाळेच्या मैदानाची चावी मागावी, ग्रामसभेत त्या रस्त्यावरच्या बंद दिव्याचा विषय काढावा, हे थोडं अवघड आहे. पण अवघड तेच करायचं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. नाशिकच्या आदिवासी भागातल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. या आपल्यासारख्याच गावच्या मुली.

रस्त्याचा विचार केला की निवड बदलते. एमपीथ्री छान आहे, हलकं आहे, स्वस्त आहे. पण त्यावरून फोन लागत नाही. पाय मुरगळला, कुणी अडवलं, तर काय करायचं? बटणाच्या फोनमध्ये गाणी आहेत, एफएम आहे, बॅटरी म्हणजे टॉर्च आहे आणि ११२ लावता येतो. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून ठेवलं की मदतीचा फोन जाण्याची सोय असायला हवी. घेताना दुकानदाराला ती दाखवायला सांगा, उगाच दाबून बघू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणाऱ्या मुलीसाठी बटणाचा फोन, चार-आठ जीबीचं कार्ड, वायरचा इयरफोन आणि कमरेचा पट्टा ही जोडी सगळ्यात चांगली. हजार-दीड हजाराच्या आसपास काम होतं. शाळेच्या मैदानावर घोळक्याने पळणाऱ्या मुलींना छोटं एमपीथ्री पुरतं, कारण सोबत कुणाकडे तरी फोन असतोच. घरात टचचा फोन आधीच आहे आणि तो मुलीच्या हातात मिळतो, तर आयपीएक्स ४ चा साधा नेकबँड घ्या. त्यातला एकच मणी कानात घाला, दुसरा गळ्यात लोंबू द्या. सुटे बड्स मात्र पळायला घेऊ नका. एक मणी उसाच्या पाचटात पडला की सापडत नाही आणि निम्मे पैसे तिथेच गेले.

आता कानाबद्दल थोडं. कान दुखत नाही म्हणजे कानाला काही होत नाही, असं समजू नका. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं माप असं आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास. १०० डेसिबल असेल तर आठवड्यात फक्त वीस मिनिटं. आपल्याकडे डेसिबल मोजायचं यंत्र नसतं, म्हणून सोपी खूण लक्षात ठेवा. आवाजाची पट्टी पूर्ण दहा घरांची असेल तर सहाच्या वर नेऊ नका. एक हात अंतरावरची मैत्रीण नेहमीच्या आवाजात बोलली आणि ते ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे. आणि पळून आल्यावर कानात कुईं असा आवाज येत राहिला, तर दुसऱ्या दिवशी कानाला सुट्टी द्या. तसं वारंवार झालं तर डॉक्टरांना दाखवा.

इयरफोनचे रबरी बोंडके दर आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग घाला. घामाने कानात खाज सुटते, पू होतो. आणि एकीचा इयरफोन दुसरीने घालू नये, मग ती सख्खी बहीण का असेना.

गाणी कोणती घ्यावीत? ज्याला जे आवडतं ते. फक्त ठेका मोजून घ्या. पंधरा सेकंदांत आपली किती पावलं पडतात ते मोजायचं आणि चाराने गुणायचं. भराभर चालताना ती मिनिटाला ११० ते १३० च्या आसपास पडतात, पळताना दीडशेच्या पुढे. गाण्याचा ठेकाही तसाच मोजा. पहिली दोन गाणी संथ, अंग गरम करायला. मधली हलगी-लेझीमच्या ठेक्याची. शेवटची दोन पुन्हा संथ, श्वास खाली यायला. साखर किंवा बीपीसाठी चालणाऱ्या ताईंनी आपला अर्धा तास गाण्यांनीच मोजावा. सात गाणी झाली की परत फिरायचं, घड्याळ बघायला नको.

त्याच यंत्रात अभ्यासही घालता येतो. भरतीच्या लेखी परीक्षेचे प्रश्न आणि उत्तरं आपल्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करायची आणि परत येताना सावकाश चालत ऐकायची. जिल्हे, नद्या, धरणं, घटनेची कलमं अशी पाठ होतात. आपल्या भजनी मंडळाची भजनं, आईच्या ओव्याही तशाच रेकॉर्ड करून ठेवता येतील.

इथे एक इशारा. गाणी भरायला दुकानात आपला फोन देऊ नका. "ताई, ठेवून जा, अर्ध्या तासात भरून देतो" असं म्हणतात. फोनमध्ये आपले फोटो असतात, नंबर असतात, बँकेचे मेसेज असतात. फक्त रिकामं कार्ड द्या आणि समोर उभं राहून भरून घ्या. त्याच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस येऊ शकतो आणि गाणीही बहुतेक चोरीची असतात. त्याहून गावातल्या शिकलेल्या मुलीकडून रीतसर मिळणारी गाणी भरून घेतलेली बरी.

आता पैसा. बाराशे रुपयांची वस्तू समजा. गटाचं अंतर्गत कर्ज घेतलं, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, आणि दोनशेचे सहा हप्ते. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर ते २४, २०, १६, १२, ८ आणि ४, म्हणजे सगळं मिळून ८४ रुपये होतं. आणि ते ८४ रुपये आपल्याच गटात राहतात. दुकानदाराच्या हप्त्यात "बिनव्याजी" लिहिलेलं असतं, पण फाईलचा खर्च, हप्ता चुकल्याचा दंड वेगळा लागतो. सही करण्याआधी एकच विचारा: सगळं मिळून मी किती देणार? तो आकडा कागदावर लिहून घ्या.

गरज की चैन, हा वाद गटात होणार. व्हायलाही हवा, तो सगळ्यांचा पैसा आहे. माझं म्हणणं एवढंच, की मोजायचं माप एक असू द्या. पोराच्या गाडीला नवा टायर घ्यायला, पेट्रोलला, क्रिकेटच्या बॅटला आपण हा प्रश्न विचारत नाही. पोरीच्या बाराशे रुपयांना मात्र सगळ्या बैठकीसमोर हिशोब द्यावा लागतो. मुलगी रोज पळते का, हप्ता कुठून येणार, हे जरूर विचारा. ती मुलगी आहे म्हणून विचारू नका. आणि एकदा घेतलं की ते तिचंच राहू द्या. चार दिवसांत ते यंत्र भावाच्या कानात दिसतं, असं पुष्कळ घरांत होतं. खरेदीची पावती तिच्या नावावर करा, म्हणजे घरातही कळतं की वस्तू कुणाची.

पावतीशिवाय घेऊच नका. पावतीवर तारीख, मॉडेल आणि हमीचा कालावधी असावा. चार्जर आणि बॅटरी बघताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर आहे का ते पाहा. तो नंबर खरा आहे का हे ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतं. बिनखुणेची बॅटरी फुगते, कधी पेटते, आणि हे यंत्र आपण अंगाला लावून पळणार असतो. वस्तू बिघडली आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मराठीतही बोलता येतं. पण तिथेही पावती विचारतात.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावातल्या किती मुली आणि बाया पहाटे बाहेर पडतात, कोणत्या रस्त्याने जातात, तिथले दिवे लागतात का, कुणाकडे फोन असतो, हे वहीत लिहून काढा. कमरेचे पट्टे कोण शिवणार ते ठरवा. बाजारात जायचं तर मुलीला बरोबर न्या, वस्तू तिच्या हातात द्या आणि डोळे मिटून बटणं चाचपायला सांगा. निवड तिला करू द्या.

आणि मुलींनो, उजव्या कानात गाणं, डावा कान रस्त्याला. पळत राहा. येते मी. नमस्कार.